छत तेवढंच उंच, मग पोट का घासतं?

अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआब नावाचं एक छोटं गाव आहे. भोवताली लाल वालुकाश्माचे उघडेबोडके खडक, आणि त्यांवरून गाडी चढवण्याच्या वेडापायी देशभरातून येणारी माणसं. तिथे दोन पिकअप ट्रक शेजारी शेजारी उभे आहेत असं समजा. कंपनी तीच, मॉडेल तेच, टायरही एकाच मापाचे. दोन्ही ट्रक मूळच्यापेक्षा तीन इंच उंच केलेले. टेप लावून छत मोजलंत तर सुताचाही फरक निघणार नाही. आता दोघांना एकाच खडकावरून न्या. पहिला सहज पलीकडे उतरतो. दुसऱ्याचं पोट खडकावर करकरत घासतं आणि तो मध्येच अडकून बसतो.

उंची सारखी, खडक तोच. मग दुसऱ्या ट्रकचे तीन इंच गेले कुठे?

उत्तरासाठी वाकून ट्रकखाली डोकवावं लागेल. आपल्या हॅचबॅक किंवा सिडान गाडीचं शरीर म्हणजे एकसंध पत्र्याचा पिंजरा असतो, त्यात कणा वेगळा काढून दाखवता येत नाही. पिकअपचं तसं नाही. त्याच्या तळाशी दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे असतात. ही झाली चासी. इंजिन चासीवर, गिअरबॉक्स चासीवर, डिझेल-पेट्रोलची टाकीही चासीवर. आणि केबिन? ती या सगळ्यावर नुसती ठेवलेली असते! मध्ये रबरी बुश, आणि आरपार मोजके बोल्ट. ते सोडवा, वायरी आणि नळ्या मोकळ्या करा, की क्रेनने अख्खी केबिन उचलून बाजूला ठेवता येते आणि खाली इंजिनासकट चाकांवर उभा असलेला सांगाडा उरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही की ताशी शंभर किलोमीटरने धावणारी वस्तू अशी दोन तुकड्यांत जोडलेली असू शकते.

ही घडण जुनी आहे. फोर्डने 15 एप्रिल 1925 रोजी ‘मॉडेल टी’च्या चासीवर मागे छोटा हौदा बसवून कारखान्यातूनच तयार पिकअप विकायला काढला, किंमत 281 डॉलर. पुढच्या शंभर वर्षांत बहुतेक मोटारींनी चासी टाकून दिली, पिकअपने ती धरून ठेवली. ओझं वाहायचं, मागे ट्रेलर ओढायचा, खड्ड्यात एक चाक गेलं तरी पिळवटणं सोसायचं, तर वेगळा कणा हवाच. आपल्याकडे भाजी मंडईत येणारी बोलेरो पिकअप असो की इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स, सगळ्या याच कुळातल्या.

आता मुद्दा असा, की ही घडण असल्यामुळे ट्रकच्या छतापासून जमिनीपर्यंत येताना वाटेत तीन अंतरं लागतात. पहिलं बॉडी आणि चासी यांच्यातलं. दुसरं चासी आणि चाकं जोडणारा ॲक्सल यांच्यातलं, जिथे स्प्रिंगा आणि पाटे असतात. तिसरं ॲक्सल आणि जमीन यांच्यातलं, म्हणजे टायरचा अर्धा व्यास. ट्रक उंच करणारा माणूस या तीनपैकी कुठल्या तरी एका अंतरात भर घालत असतो. बाहेरून बघणाऱ्याला तिन्हींचा परिणाम एकच दिसतो.

पालखी डोळ्यांसमोर आणा. आत गादीवर पादुका, खाली दांडा, दांड्याखाली भोयांचे खांदे, आणि समजा भोयांच्या कमरेला पाण्याच्या चरव्या बांधल्या आहेत. पादुका उंच दिसायला हव्यात तर काय कराल? गादी जाड कराल, हा झाला बॉडी लिफ्ट. पादुका वर गेल्या, दांडा होता तिथेच. किंवा भोयांच्या खांद्यांवर जाड चुंबळी ठेवाल, हा सस्पेन्शन लिफ्ट. आता दांडाही वर गेला. पण चरव्या? त्या अजूनही तेवढ्याच उंचीवर लोंबताहेत. त्या वर न्यायच्या तर उंच भोईच आणावे लागतील. ट्रकच्या बाबतीत उंच भोई म्हणजे मोठे टायर. चरव्यांचं काय, ते पुढे येतंच आहे.

आधी गादी.

बॉडी लिफ्टमध्ये मेकॅनिक केबिनचे बोल्ट सैल करतो, जॅकने ती अलगद उचलतो आणि केबिन व चासी यांच्यामध्ये कडक प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे सरकवतो. मागच्या हौद्याखालीही तसेच ठोकळे. मग मूळच्यापेक्षा लांब बोल्ट घालून सगळं पुन्हा आवळतो. जाडी साधारण एक ते तीन इंच. अमेरिकेतल्या जुगाडू मंडळींनी या कामासाठी चक्क आइस हॉकीच्या चकत्या वापरल्या आहेत. टणक रबर, तीन इंच व्यास, बरोबर एक इंच जाडी, मधोमध भोक पाडलं की झाला ठोकळा तयार! कल्पनेला दाद द्यावी, पण स्वतःच्या ट्रकखाली मी त्या घालणार नाही. खेळाची चकती बर्फावर घसरायला बनवलेली असते, वर्षानुवर्षं केबिनचं ओझं पेलायला नव्हे.

काम ऐकायला सोपं वाटतं. खरी गंमत पुढे आहे. केबिन वर गेली, इंजिन खाली राहिलं, आणि त्या दोघांना जोडणारी प्रत्येक वस्तू एकदम आखूड पडली! स्टिअरिंगचं चाक वर गेलं, स्टिअरिंग बॉक्स चासीवरच राहिला, म्हणून मधल्या दांड्याला जोड द्यावा लागतो. हौद्याच्या कडेला इंधन भरायचं तोंड वर गेलं, टाकी खाली राहिली. हँडब्रेकच्या केबल, अर्थिंगच्या पट्ट्या, ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या. गिअरचा दांडा खालच्या गिअरबॉक्समधून येतो, त्यामुळे केबिनमध्ये बसणाऱ्याला तो तीन इंच बुटका झालेला दिसतो. जुन्या ट्रकमध्ये तर आणखी मौज. रेडिएटर बॉडीसोबत वर जातो, पण पंखा इंजिनावर असल्याने खालीच राहतो, आणि त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं पंख्याच्या पात्यांना घासू लागतं. शेवटी रेडिएटर किंवा ते कडं पुन्हा खाली उतरवावं लागतं. बंपर बहुधा चासीवर असतात, म्हणून तेही मागे राहतात आणि बॉडीखाली एक फट उघडी पडते. ती झाकायला रबरी पडदे विकत मिळतात. उंची वाढवायची, मग ती वाढली हे लपवायचं.

पण याच्या उलट, काय बदललं नाही ते बघा. स्प्रिंगा त्याच, चाकांचे कोन तेच, इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरत जाणारा प्रोपेलर शाफ्ट जिथल्या तिथे. ट्रकच्या चालणाऱ्या, वळणाऱ्या, ओढणाऱ्या कुठल्याही भागाला काही झाल्याचा पत्ताच नाही. म्हणून बॉडी लिफ्ट केलेला ट्रक रस्त्यावर जवळपास पूर्वीसारखाच चालतो. आणि म्हणूनच मोआबच्या खडकावर त्याचं पोट घासलं. पोट चासीचं होतं, ते उंच झालंच नव्हतं. मिळालं ते एवढंच, की चाकावरची कमान तीन इंच वर सरकली आणि मोठा टायर मावायला जागा झाली.

मग चार, पाच, सहा इंचांचे ठोकळे का नाहीत? कारण बोल्ट. मूळ जागी तो बॉडीला चासीशी घट्ट चिकटवून धरतो. ठोकळा जितका उंच, तितका बोल्ट लांब, आणि जोराचा ब्रेक लागला किंवा टक्कर झाली की बॉडी पुढे सरकू बघते आणि तोच बोल्ट वाकवू लागते. बाजारातले सरळमार्गी किट तीन इंचांवर थांबतात ते यामुळे.

आता चुंबळी. इथे मात्र आपण ट्रकच्या मज्जासंस्थेत हात घालतो.

मागच्या बाजूला बहुतेक पिकअपना पाटे असतात. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घाला, पाट्यांत एक वाढवा, किंवा जास्त कमानदार पाटे बसवा. चासी वर. पुढे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र उभे असतात, त्यांच्या डोक्यावर चकती ठेवून उंची वाढवता येते. आणि इथे पहिला धक्का बसतो. पुष्कळ ट्रकमध्ये एक इंचाची चकती घातली की पुढचा भाग जवळजवळ दोन इंच वर येतो! फुकटचा इंच आला कुठून? स्प्रिंगचा पाय चाकावर टेकलेला नसतो. चासीपासून चाकापर्यंत जाणाऱ्या खालच्या आर्मवर, साधारण मध्यावर तो टेकतो. आर्मचं एक टोक चासीला बिजागरीने अडकलेलं, दुसरं चाकाला. मध्य एक इंच सरकला की टोक दोन इंच सरकतं. शाळेत शिकलेली तरफ दोन टनांच्या ट्रकखाली बसून तुमचं माप दुप्पट करते.

या हिशेबाचा विसर पडला की घोळ होतो. तीन इंच हवेत म्हणून तीन इंचांची चकती घातली, तर आर्म इतके खाली झुकतात की त्यांचे बॉल जॉइंट शेवटच्या मर्यादेला जाऊन टेकतात. चाकांचे कोन बिघडतात ते वेगळंच. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित मागे कललेला असतो, तसाच मोटारीच्या चाकाचा वळण्याचा अक्षही मागे कललेला असतो. हात सैल सोडले तरी स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते त्या कलामुळे. लिफ्टनंतर हा कल बहुधा कमी होतो आणि ट्रक महामार्गावर भरकटल्यासारखा चालू लागतो. म्हणून सस्पेन्शन लिफ्टनंतर अलाइनमेंट करावंच लागतं, आणि उंची जास्त असेल तर वरचे आर्मही बदलावे लागतात.

पण खरा चमत्कार मागे, प्रोपेलर शाफ्टमध्ये आहे.

गिअरबॉक्स चासीवर, म्हणजे वर गेला. मागचा ॲक्सल खालीच. त्यांना जोडणारा शाफ्ट आता जास्त तिरका झाला. तिरका झाला तरी फिरतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना आपले मेकॅनिक ज्याला नुसतं ‘क्रॉस’ म्हणतात तो जोड असतो. फिरता फिरता वाकू शकणारा हा जोड इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने 1676 मध्ये एका पुस्तिकेत मांडला. सूर्याचं निरीक्षण करायच्या यंत्रासाठी तो त्याला हवा होता. स्प्रिंगवर जेवढं ओझं तेवढी ती ताणली जाते, हा नियमही हूकचाच, आणि त्याची पहिली चाहूल त्याने त्याच पुस्तिकेत दिली होती, कुणी ढापू नये म्हणून अक्षरं उलटसुलट करून! उलगडा दोन वर्षांनी केला. म्हणजे बघा, ट्रक ज्या स्प्रिंगांवर उभा आहे त्यांचा नियम हूकचा, आणि ट्रक ज्याने पळतो तो जोडही हूकचा. सस्पेन्शन लिफ्ट करणारा मेकॅनिक साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाच्या दोन कल्पना एकमेकींशी भांडायला लावत असतो.

भांडण कसलं? या क्रॉसमध्ये एक विचित्र खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने अगदी एकसारख्या वेगाने फिरवा, दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा ती पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन 5 अंशांचा असेल तर चढउतार अर्ध्या टक्क्याहूनही कमी, कुणाला जाणवतही नाही. 15 अंशांना तो दोन्हीकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, 20 अंशांना सहा टक्क्यांवर. अमेरिकी महामार्गावर ताशी 60 मैलांनी जाणाऱ्या पिकअपचा हा शाफ्ट सेकंदाला सुमारे 40 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला 80 वेळा धाव-रेंगाळ, धाव-रेंगाळ.

मग सगळे ट्रक थरथरत का नाहीत? कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस आहे, आणि तो बरोबर उलटी चूक करतो! पहिला जिथे रेंगाळतो तिथे दुसरा तेवढाच धावतो, आणि ॲक्सलमध्ये पोचणारी फिरकी पुन्हा गुळगुळीत होते. दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकायचं, हे या रचनेचं सौंदर्य. अट एकच, दोन्ही टोकांचे कोन समान हवेत. लिफ्ट करताना पाट्याखालच्या ठोकळ्याने ॲक्सलचं नाक जरा वर किंवा खाली कललं की समानता मोडते, चुका उरतात, आणि सीटखालून एक बारीक घुमघुम सुरू होते. मालक टायर बॅलन्स करत बसतो. तुकड्या तुकड्यांच्या लांब शाफ्टमध्ये मधलं बेअरिंग असतं, त्यालाही मग थोडं खाली घ्यावं लागतं. ठोकळ्यासोबत पाचरीच्या आकाराच्या पट्ट्या मिळतात त्या याचसाठी, ॲक्सलचं नाक पुन्हा योग्य कोनात आणायला.

आता चरव्यांकडे येऊ. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो तो डिफरन्शियल, शाफ्टची फिरकी दोन्ही चाकांना वाटून देणारा, आणि बहुतेक पिकअपच्या मागच्या बाजूचा तो सर्वांत खालचा भाग असतो. तो दोन चाकांच्या मधल्या रेषेवरच बसलेला आहे. म्हणून सहा इंचांचा महागडा सस्पेन्शन लिफ्ट केला तरी तो गोळा जमिनीपासून एक इंचही वर जात नाही! पोट वर जातं, दारं वर जातात, मालकाची मान वर जाते, गोळा तिथेच. त्याला वर नेणारी एकच वस्तू, मोठा टायर, आणि तोही निम्माच देतो. 31 इंचांऐवजी 33 इंचांचा टायर घातला तर व्यास दोन इंच वाढला, पण गोळा एकच इंच वर गेला, कारण उरलेला इंच ॲक्सलच्या वरच्या बाजूला गेला.

पुढच्या बाजूला तर याहून मजेशीर प्रकार होतो. आजकालच्या बहुतेक फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये पुढचं डिफरन्शियल चासीला टांगलेलं असतं, म्हणून लिफ्टने ते खरोखर वर जातं. पण मग त्यातून चाकांकडे जाणारे छोटे शाफ्ट फारच तिरके होतात. यावर उपाय म्हणून मोठ्या लिफ्टच्या किटमध्ये खास ब्रॅकेट असतात, जे डिफरन्शियलला पुन्हा खाली उतरवतात. चासी सहा इंच वर, आणि तिच्याखालचं डिफरन्शियल जवळजवळ तेवढंच खाली. हजारो डॉलर मोजून मिळालं काय? पुन्हा मोठ्या टायरला जागा.

सगळे रस्ते टायरकडेच जातात. हे बॉब चँडलर नावाच्या सेंट लुईसजवळच्या माणसाला फार आधी उमगलं होतं. त्याने आपल्या 1974 च्या फोर्ड एफ-250 ला मोठे, आणखी मोठे टायर लावत लावत ‘बिगफूट’ नावाचा ट्रक केला आणि मॉन्स्टर ट्रक हा खेळच जन्माला आला. 1986 च्या ‘बिगफूट 5’ ला त्याने लष्कराच्या मोडीत निघालेल्या लँड ट्रेनचे टायर लावले. एकेक टायर 10 फूट उंच!

पण उंचीची किंमत कुठे मोजावी लागते? वळणावर. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था उलटण्याचा धोका मोजताना एक साधा भागाकार करते. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आकडा जितका लहान, तितका उलटण्याचा धोका जास्त. मोटारींचा आकडा साधारण 1.3 ते 1.5 असतो, पिकअप आणि एसयूव्ही 1.0 ते 1.3 च्या दरम्यान. आता समजा एका पिकअपच्या चाकांमध्ये 66 इंच अंतर आहे आणि गुरुत्वमध्य 28 इंचांवर आहे. आकडा आला 1.18. त्याला चार इंचांचा सस्पेन्शन लिफ्ट करा, इंजिन-चासी-बॉडी सगळंच वर गेलं, आकडा 1.03 च्या आसपास आला. तीन इंचांचा बॉडी लिफ्ट केला तर वर गेली फक्त पत्र्याची बॉडी. इंजिन, गिअरबॉक्स, चासी हे सगळं वजनदार सामान खालीच राहिलं. गुरुत्वमध्य एखादा इंच चढला, आकडा 1.14. ज्या बॉडी लिफ्टला खडकांवरचे शौकीन नाकं मुरडतात, तो घाटाच्या वळणावर असा शहाणा निघतो.

त्यातून माझा कौल असा. ट्रक रोजच्या वापराचा आहे, टायर एका मापाने मोठा करायचाय आणि पैसे बेताचे आहेत, तर एक-दोन इंचांचा बॉडी लिफ्ट हा कमी लेखला गेलेला, प्रामाणिक उपाय आहे. खडक, ओढे, खाचा हेच जग असेल तर दोन-तीन इंचांचा सस्पेन्शन लिफ्ट, पण नुसत्या चकत्या नकोत. पूर्ण स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर आणि वरचे आर्म घ्यावेत. त्यापलीकडे जे काही असतं ते बहुतांशी फोटोसाठी. फोटोचा मोह कुठवर जातो ते पाहायचं तर ‘कॅरोलिना स्क्वॉट’ नावाची फॅशन बघा. पुढचं नाक आकाशाकडे, मागचा भाग जमिनीला, आणि चालकाला समोरचा रस्ताच दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्याने 2021 मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली.

भारतात मात्र हा सगळा विचार बहुतेकांसाठी पुस्तकीच राहतो. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 उत्पादकाच्या मूळ मापांना सोडून केलेल्या बदलांना परवानगी देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं.

अमेरिकेतही काम आता नुसत्या पान्याने उरकत नाही. 2012 च्या मॉडेल वर्षापासून तिथल्या प्रत्येक हलक्या वाहनात इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं आहे. ट्रक घसरू लागला की एकेका चाकाचा ब्रेक आपणहून दाबणारी ही यंत्रणा कारखान्यातून निघालेल्या उंचीचा, टायरचा आणि वजनाचा हिशेब धरून बसलेली असते. टायर 31 वरून 33 इंचांचा झाला की स्पीडोमीटर 60 दाखवत असताना ट्रक 64 मैलांच्या वेगाने जात असतो, आणि तीच चुकीची खबर तिलाही मिळते. काचेमागे बसलेला, लेनच्या रेषा ओळखणारा कॅमेराही स्वतःला जुन्याच उंचीवर समजतो. त्यामुळे लिफ्ट झाल्यावर शेवटचं काम उरतं ते असं: ट्रक सपाट फरशीवर उभा करायचा, मोजलेल्या अंतरावर समोर ठिपक्यांचा फलक लावायचा, लॅपटॉप जोडायचा, आणि त्या कॅमेऱ्याला सांगायचं की तू आता तीन इंच उंच झाला आहेस.